वंगणाचा पातळ हात

"बंद कर ते."

"आत्ताच तर लावलंय."

"जेवायच्या आधी लावलंयस. कपाटातल्या बशा नाचायला लागल्यात. बंद कर, हार्लन."

"बशा नाचतात म्हणून यंत्र बंद करायचं? बशा काढून ठेव."

"लग्नापासून त्या बशा तिथंच आहेत!"

"मग आता हिंडू देत की जरा."

आर्डिस हॉगलंड गॅरेजच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मागे स्वयंपाकघर, पुढे नवरा, आणि दोघांच्या मध्ये बाकावर ते पिवळं, बादलीएवढं भांडं. हिव भरल्यासारखं थडथडत होतं. त्याच्या पोटात मक्याच्या कणसाच्या दांड्यांचा बारीक भरडा होता आणि त्या भरड्यात रायफलीच्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घोळत होत्या. पुंगळ्यांच्या अंगाला लागलेलं वंगण त्या भरड्यानं टिपून घ्यावं, असा बेत होता.

"रिकनं पाठवलंय," हार्लन म्हणाला. "मुद्दाम तुझ्या हातांसाठी. पोरगं आईची आठवण ठेवतं, आणि तू दारात उभी राहून कटकट करतेस."

"माझ्या हातांनी तक्रार केली होती तुझ्याकडे?"

"हातांनी नाही केली. बीटाच्या लोणच्याच्या बरणीनं केली. सारखी उघडायला माझ्याकडे येते."

"झाकण तू घट्ट लावतोस."

"म्हणजे सगळं माझंच चुकतं."

"सगळं नाही. झाकण."

कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसून बॉइड ही मजा बघत कॉफी पीत होता. शेजारच्या मेंढ्यांच्या वाडीवरचा हा गडी, पन्नाशी उलटलेला, दोन्ही गुडघ्यांनी कुरकुरणारा. पण आर्डिसशी बोलताना अजूनही शाळकरी पोरासारखा सावरून बसायचा. खोऱ्यातली शाळेची बस कितीतरी वर्षं आर्डिसनं चालवली होती आणि बॉइड मागच्या बाकावर बसून भांडणं करणाऱ्यांतला होता. बाकी जग तिला आर्डिस म्हणे. बॉइडच्या तोंडातून ते नाव कधी निघालंच नाही.

"मिसेस हॉगलंड, मी मध्ये बोलू का?"

"नको."

"बरं."

हार्लननं बटण दाबलं. गॅरेज एकदम शांत झालं, इतकं की स्वयंपाकघरातल्या बशा शेवटची टिणटिण करून थांबलेल्याही ऐकू आल्या. त्यानं मोठ्या थाटात झाकण उचललं.

आत चकचकीत पितळ नव्हतं. भरडा वंगण पिऊन फुगला होता, त्याचे लिबलिबीत गोळे झाले होते, आणि पुंगळ्यांच्या तोंडात तोच लगदा बोळ्यासारखा ठासून बसला होता. हार्लननं एक पुंगळी उचलून बाकावर आपटली. लगदा जागचा हलला नाही.

बॉइडनं मान लांब करून पाहिलं. "वा रे वा! हार्लन, हे तर मीटबॉल झाले. रविवारी चर्चच्या जेवणाला घेऊन ये. वरून ग्रेव्ही ओत. पाद्रीबाबा पुन्हा वाढून घेतील."

"तू घरी जा, बॉइड."

"जातो. पण रेसिपी दे."

पदार्थ फसला की बाई बघते तसं आर्डिसनं त्या भांड्यात डोकावून पाहिलं, एक गोळा चिमटीत धरून दाबला, बोटं नाकाशी नेली, आणि आत निघून गेली.

या खोऱ्यात काडतुसं दुकानातून आणणारा माणूस एक तर नवखा समजतात, नाहीतर आळशी. झाडलेली पुंगळी खिशात टाकून घरी आणायची, हाताच्या प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात बसवायची, मग बुडाला ठिणगीची नवी टोपी, आत नवी दारू, तोंडाशी नवी गोळी. काडतूस तयार. फक्त ती मापात बसवताना तिला वंगण लागतं. कोरडी पुंगळी पोलादी साच्यात घातली तर अशी रुतून बसते की साचाच वाया जातो. म्हणून आधी वंगण लावायचं. आणि काम झालं की तेच वंगण पुसून काढायचं, कणभरही न ठेवता. आत राहिलं तर दारू बिघडते आणि समोर एल्क हरीण उभं असताना रायफल नुसती 'टिक्' करते. बाहेर राहिलं तर बार उडताना पुंगळी नळीच्या भिंतीला धरून राहत नाही, मागं रेटली जाते, आणि सगळा दणका नळी मागून बंद करणाऱ्या त्या बोल्टवर येतो, जो तुमच्या गालाला लागून असतो.

लावायचं काम हार्लनचं. काढायचं आर्डिसचं.

हे तिच्याकडे कुणी सोपवलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या शरदातली गोष्ट. तेव्हा प्रेसवर सासरे बसायचे, ओले हॉगलंड, मोजकं बोलणारा माणूस. पुंगळी साच्यातून निघाली की ते ती आपल्या विजारीच्या मांडीवर एकदा घासायचे आणि पुढं टाकायचे. नवी सून कॉफी घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली.

"आतून कोण पुसतं?" तिनं विचारलं.

"आतून?" ओलेंनी मान वर केली. "आतलं कुणाला दिसतंय?"

"दारूला दिसतं की."

हार्लन घाबरून बापाकडे बघायला लागला. ओलेंनी कॉफीचा घोट घेतला, पायानं बाकाखालचं बुटकं स्टूल ओढलं आणि तिच्याकडे सरकवलं. त्या घरात तेवढंच भाषण पुरे असायचं.

तेव्हापासून दर वर्षी कॉटनवूडची झाडं पिवळी पडायला लागली, डोंगराच्या माथ्यावर पहिली पांढरी रेघ दिसली, की आर्डिस त्या स्टुलावर दिसायची. हार्लनच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टांची फडकी, स्पिरिटची बाटली, कापसाच्या काड्या. फडकं स्पिरिटमध्ये नुसतं ओलसर करायचं, पुंगळी त्यात धरून फिरवायची, फडक्याची कोरडी बाजू घेऊन पुन्हा फिरवायची, मग पुंगळीच्या अरुंद मानेतून काडी घालून एक वळसा. शेवटी धुतलेल्या कोरड्या अंगठ्यानं पुंगळीवर घासून बघायचं. वंगण असेल तर अंगठा सरकतो. नसेल तर पितळ अंगठ्याला धरतं, बारीक 'चिर्र' करतं. ते 'चिर्र' ऐकल्याशिवाय तिनं एकही पुंगळी पलीकडच्या तबकात ठेवली नाही.

वंगण घरचंच होतं. मेंढीच्या लोकरीतून निघणारं पिवळट मेण, स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. त्यामुळं आर्डिसचे तळहात बसचं स्टिअरिंग आणि गोठ्याचं फावडं धरूनही लोण्यासारखे मऊ राहिले. चर्चमधल्या बायका विचारायच्या, कुठलं क्रीम लावतेस गं? "पुंगळ्यांचं," ती सांगायची. बायका हसायच्या. त्यांना ती थट्टा वाटायची.

हार्लनच्या बाकावर खोऱ्यातले बरेचजण येऊन आपापली काडतुसं भरायचे. येताना कुणी हकलबेरी भरून भाजलेली पाई आणायचं, कुणी हरणाच्या मांसाचे सॉसेज. नियम एकच होता, आणि तो हार्लननं केलेला नव्हता. एका वर्षी बॉइड घाईत होता. ट्रक चालू ठेवूनच आत आला, पुंगळ्या दाबल्या आणि न पुसताच दारू भरायला हात घातला. आर्डिस स्टुलावरून उठली आणि दार अडवून उभी राहिली.

"मिसेस हॉगलंड, एवढ्यानं काही होत नाही हो."

"खाली बस, बॉइड."

"लोक वाट बघतायत माझी…"

"बॉइड."

तो बसला. ट्रक बाहेर पेट्रोल जाळत घुरघुरत राहिला आणि हा बाबा आत मांडी घालून पुंगळ्या पुसत राहिला. बस काय नि गॅरेज काय, तिनं "खाली बस" म्हटल्यावर उभा राहिलेला माणूस अजून खोऱ्यात जन्माला यायचा होता. हॉगलंडांच्या बाकावरचं काडतूस दगा देत नाही, असं नाव झालं ते असं.

आणि आता हे पिवळं भांडं.

दुसऱ्या दिवशी हार्लननं लगदा झालेला भरडा फेकून दिला, भांडं पुसून बाकाखाली सारलं, आणि पुंगळ्यांचं तबक मुकाट्यानं आर्डिसच्या स्टुलासमोर ठेवलं. म्हणजे हार कबूल. तीही मुकाट्यानं येऊन बसली.

खिडकीतून ऊन येत होतं. रेडिओवर गुरांचे भाव चालले होते. ती पुसत होती, तो प्रेसचा दांडा ओढत होता. अधूनमधून बोलणं. उत्तरेच्या कुंपणाचा खांब वाकलाय. रिकच्या धाकटीला म्हणे चष्मा लागला. त्या दोघांत बोलणं असं कधी फार नव्हतंच. पण जे काही झालं होतं, त्यातलं निम्मं तरी याच बाकावर झालं होतं, तो दांडा ओढत असताना आणि ती पुसत असताना. एकमेकांकडे बघावं लागत नसलं की हॉगलंड माणसं जरा मोकळी होतात.

अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. पुंगळी बोटांतून निसटली आणि बाकाखाली घरंगळली. हार्लननं वाकून ती उचलून दिली. थोड्या वेळानं पुन्हा निसटली. त्यानं पुन्हा दिली. बोलला नाही, आणि न बोलल्याचंच तिला जास्त लागलं.

तिनं ती पुंगळी उजेडात धरली. जिथं पितळ खांद्यासारखं निमुळतं होतं, तिथं एक बारीक खळगा होता, मळलेल्या कणकेत बोट टेकवावं तसा. असे खळगे ती इतकी वर्षं बघत आली होती. जास्तीचं वंगण साच्यात जायला जागा नसते, मग ते पितळालाच आत दाबतं. पुढच्या बाराला खळगा आपोआप निघून जातो, म्हणून तिनं कधी विषय काढला नव्हता. आज तिनं तबकातली दुसरी उचलली. खळगा. तिसरी. खळगा.

म्हणजे दोष भांड्याचा नव्हताच. हार्लन पाहुण्यांच्या पावाला लोणी लावावं तसं वंगण थापत होता. एवढं थापलेलं कुठल्या यंत्राच्या बापाला निघणार? आणि तो बिनधास्त थापत होता, कारण मागं पुसणारी बसली आहे हे त्याला ठाऊक होतं.

तिनं पुंगळी पुसली, 'चिर्र' ऐकलं, तबकात ठेवली. गप्प राहणं किती सोपं होतं! हे तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. भांडं बाकाखाली धूळ खात पडलं असतं, नाहीतर बॉइडच्या गळ्यात गेलं असतं, आणि स्टूल तिचंच राहिलं असतं, बोटं चालतील तोवर.

संध्याकाळी रिकचा फोन आला. "आई, यंत्र चालतंय ना गं? बाबा नीट काही सांगतच नाहीत."

आर्डिसनं फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "चालेल," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना चालवता यायला हवं."

सकाळी तिनं स्टूल ओढलंच नाही. प्रेसशेजारी उभी राहिली.

"इतकं कशाला फासतोस?"

"काय?"

"वंगण. इतकं कशाला?"

"मग? अडकली तर?"

"कधी अडकली होती?"

हार्लननं दांडा सोडला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "बाबांच्या साच्यात. मी पोरगेला होतो. न विचारता बसलो होतो, वंगण लावायचं राहिलं. अशी बसली रुतून, की साचाच गेला. त्या काळी साचा म्हणजे काय!"

"ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं गं. एक शब्द नाही. त्या मोसमात शिकारीला मला न घेताच डोंगरावर गेले. मी अंगणात उभा राहून ट्रक जाताना बघत होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनं पहिल्यांदा ऐकली. तिनं त्याच्या दंडाला नुसता हात लावला आणि लगेच काढून घेतला, कारण हार्लनला तेवढंच झेपायचं. मग तिनं प्लॅस्टिकची पिशवी घेतली, तिच्या आतल्या बाजूला वंगणाचे थोडेसेच थेंब शिंपडले, पुंगळ्या आत टाकल्या, आणि तोंड धरून पिशवी लाह्यांसारखी हलवली. स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबली. एक पुंगळी काढून त्याच्यापुढं धरली.

"हिला लावलंय, की नुसतं दाखवलंय?" हार्लन म्हणाला.

"पातळ हात फिरवलाय. एवढा पुरतो. ओढ."

"मी नाही ओढणार."

"हार्लन."

"तूच ओढ. अडकली तर निदान मी नव्हतो."

तिनं बाजूला उभ्यानंच पुंगळी बसवली आणि दांडा खाली ओढला. हार्लननं डोळे मिटून घेतले. पुंगळी साच्यात गेली आणि पोळीखाली उलथनं सरकावं तशी बाहेर आली. खांदा कसा गुळगुळीत. एकही खळगा नाही.

"अडकली?"

"नशीब तुझं."

"दुसरी घालू?"

"घाल. नशीब किती पुरतं बघू."

नशीब सगळ्या पुंगळ्यांना पुरलं. मग भांडं पुन्हा बाहेर निघालं, पण बशांच्या खातर या वेळी मागच्या लाकडांच्या खोपटात गेलं. नवा भरडा घातला. यंत्र थडथडून थांबलं तेव्हा हार्लन झाकण उचलायला धजेना. तिनंच उचललं. भरडा कोरडा, भुरभुरीत, आणि त्यात पितळ असं झळकत होतं की खोपटात उजेड वाढल्यासारखा वाटावा.

पण चकाकीवर जाणारी ती नव्हती. एक पुंगळी घेऊन तळातलं भोक उजेडाकडे धरलं, भरड्याचा दाणा अडकलाय का बघितलं. मानेतून कापसाची काडी घातली, वळसा दिला, बाहेर काढली. मनातल्या मनात ती त्या काडीला विनवत होती, पिवळी हो, जराशी तरी हो. काडी पांढरीच राहिली. तिनं धुतलेला अंगठा पितळावर घासला.

चिर्र.

"काय?" हार्लननं विचारलं. "बोल की."

खोटं बोलायला अख्खा क्षण तिच्या हातात होता.

"स्वच्छ आहे," आर्डिस म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. माझ्यापेक्षा…" ती थांबली. "माझ्याइतकीच."

"बघ! मी म्हणत होतो ना!" आणि हार्लननं लहान पोरासारखी टाळी वाजवली. तो नक्की काय म्हणत होता हे तिनं विचारलं नाही. काड्यांची डबी तिनं फडताळात ठेवली, फडकी धुवायला टाकली.

पुढचे दिवस वाईट गेले असं म्हणणं खोटं ठरेल. बोटांची ठसठस खरोखरच उतरली. तिनं बीट उकडले, बरण्या भरल्या आणि झाकणं स्वतःच्या हातानं लावली. बॉइड दारावरून जाताना ओरडला, "मिसेस हॉगलंड रिटायर झाल्या म्हणे! आता आम्हाला 'खाली बस' कोण म्हणणार?"

"तुला उभं राहायची अक्कल आली की कळव."

पण गॅरेजात कॉफी घेऊन गेली की हार्लन मान न उचलता म्हणायचा, "ठेव तिथं." ती ठेवायची. क्षणभर रेंगाळायची. बसायला जागा नव्हती. तिच्या स्टुलावर आता भरड्याची गोणी होती. ती परत स्वयंपाकघरात यायची आणि भिंतीपलीकडून दांड्याचा आवाज ऐकत राहायची. कट्… कट्… रेडिओ. पुन्हा कट्. उत्तरेच्या खांबाचं पुढं काय झालं, ते तिला जेवताना विचारावं लागलं. "केला सरळ," तो म्हणाला, आणि खिम्याचा मीटलोफ पुढं सरकवला. बाकावर त्याच खांबाची गोष्ट अख्खी दुपार पुरली असती.

शिकारीचा मोसम तोंडावर आला होता. खिडकीबाहेर पांढरी रेघ डोंगराच्या निम्म्यापर्यंत उतरली होती. हार्लन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, नजर चुलीकडे.

"आर्डिस. ते बिघडलं."

"काय बिघडलं?"

"ते रिकचं. पुन्हा तसंच झालंय. गोळे."

ती हात पुसून त्याच्या मागोमाग गेली. त्यानं भांडं खोपटातून गॅरेजात आणून बाकावर ठेवलं होतं. आत तोच लिबलिबीत लगदा. तिनं एक पुंगळी ओढून काढली. वंगण बोटांवरून ओघळलं. खांद्यावर खळगा. दुसरी काढली. हिच्यावर दोन खळगे, शेजारी शेजारी.

"हे काय फासलंयस?"

"नेहमीसारखंच."

"नेहमीसारखं म्हणजे पूर्वीसारखं?"

"हात जरा जड पडला असेल."

"सगळ्यांवर?"

"थंडी आहे. वंगण थिजतं."

"हीटर चालूय, हार्लन. तुझ्या कपाळावर घाम आहे."

हार्लननं कपाळ पुसलं. "यंत्राचं काही खरं नसतं. आज आहे, उद्या नाही. हातानं पुसलेलं ते पुसलेलं." हे म्हणताना तो बाकाच्या कडेवरचा एक जुना खिळा मन लावून बघत होता.

आणि मग तिला स्टूल दिसलं. रिकामं. नुसतं रिकामं नाही, ओल्या फडक्यानं पुसलेलं, लाकूड अजून दमट.

"गोणी कुठं गेली?"

"कुठली?"

"माझ्या स्टुलावरची."

"आत ठेवली. उंदीर लागतात."

"मक्याच्या दांड्यांच्या भुशाला उंदीर?"

"हल्ली काहीही खातात ते."

आर्डिसला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. हा माणूस दिवसभर इथं बसून चांगल्या पुंगळ्यांना जाणूनबुजून लोणी फासत होता!

"माझी बोटं दुखतात, हार्लन," ती हळू म्हणाली. "ती थट्टा नव्हती. तुला हे सगळं पुन्हा माझ्याकडून पुसून घ्यायचंय?"

त्याचा चेहरा पडला. इतका, की तिला वाटलं उगाच बोलले.

"पुसायला नको होतं मला," तो पुटपुटला.

"मग काय हवं होतं?"

तो खिळा अजून तिथंच होता. हार्लननं तो अंगठ्यानं दाबून बघितला. रेडिओवर कुणीतरी वाऱ्याचा अंदाज सांगून गेलं.

"ऊठ," आर्डिस म्हणाली.

"कुठून?"

"त्या खुर्चीवरून."

"ही खुर्ची बाबांची…"

"ठाऊक आहे. ऊठ."

तिनं "खाली बस" म्हटल्यावर कुणी उभं राहत नसे, हे खोऱ्याला माहीत होतं. "ऊठ" म्हटल्यावर काय होतं, ते त्या दिवशी हार्लनला कळलं. तो उठला. ती बसली. खुर्ची तिच्या मापाची नव्हती, पण दांडा होता. दांडा ओढायला बोटं लागत नाहीत, कोपर लागतं, खांदा लागतो, आणि बसचं स्टिअरिंग वळवणाऱ्या बाईचे खांदे अजून शाबूत होते. तिनं न दाबलेल्या पुंगळ्या पिशवीत घेतल्या, थेंब शिंपडले, पिशवी हलवली, स्पिरिट उडू दिलं. मग पहिली बसवली. कट्. गुळगुळीत. कट्. कट्. हात लागला आणि तिला मजा यायला लागली. इतकी वर्षं हा आवाज ती शेजारून ऐकत होती. तो दंडात असा घुमतो, हे तिला माहीत नव्हतं.

हार्लनला उभं कुठं राहावं ते समजेना. आधी खिडकीशी गेला. मग भांड्यातल्या पुंगळ्या एकेक काढून पुसायला घेतल्या. आपण घातलेला गोंधळ आपणच निस्तरावा, एवढी लाज त्याला होती. शेवटी स्टूल ओढून बसला. गुडघे थेट हनुवटीला आले.

"हे इतकं बुटकं आहे?"

"पहिल्यापासून."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी बसला नाहीस."

त्यानं एक पुंगळी फडक्यात धरून फिरवली. "अशी?"

"कोरडी बाजू घे. आता आतून. अरे, काडी फिरव, ढोसू नकोस. हं. अंगठा घास."

त्यानं घासला, कान पुंगळीजवळ नेला. "काही ऐकू येत नाही."

"मग नाही झाली. पुन्हा."

"तू फार कडक आहेस."

"उत्तरेचा खांब खरंच सरळ केलास, की नुसता दगड टेकवलास?"

"…दगड टेकवलाय."

"वाटलंच."

कट्. ती ओढत होती, तो पुसत होता. पातळ हात फिरवलेल्या पुंगळ्या तिच्या उजवीकडच्या तबकात वाढत गेल्या, सोनेरी, मऊ झाक असलेल्या, यंत्रात जायला तयार. शेवटची ठेवून तिनं दांडा सोडला आणि खुर्चीतच त्याच्याकडे वळली.

"आता एक सांग. मी इथं येऊन बसावं म्हणून एवढं सगळं वंगण वाया घालवलंस ना? आणि एवढा चांगला भरडा? 'आर्डिस, ये, बस,' एवढं तोंडानं म्हणायला तुला काय झालं होतं?"

हार्लनचे कान लाल झाले. त्यानं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं, पुन्हा उलगडलं. मग तो त्या बुटक्या स्टुलावरून कसाबसा उठला, भांड्यातला लगदा कचऱ्यात ओतला, भांडं बगलेत मारलं, तिचं भरलेलं तबक दुसऱ्या हातात सांभाळून धरलं, एकही पुंगळी सांडू नये असं, आणि तिला बाबांच्या खुर्चीतच बसू देऊन, तिच्या पुंगळ्या यंत्रात घालायला कोपरानं दार ढकलून लाकडांच्या खोपटाकडे चालता झाला.